गालातली सुपारी

"सुपारी कुणी नेली रं? आरं, बोला की कुणीतरी! भर बैठकीतनं सुपारी जाती म्हंजे माणसं हायसा का कावळं?"

आमचे थोरले चुलते, तात्या, अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. तात्या उचगावात ओरडले की कागलच्या बाजारात भाजी घेणारी माणसं मान वर करून ढग आला का बघत, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं आहे आणि त्यातल्या नव्वद जणांनी ते मान्य केलं आहे. उरलेल्या दहांनी तात्यांना ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या एका हातात अडकित्ता होता, जबडा उघडलेला. दुसऱ्या हातात पितळी ताट. ताटात हळद, कुंकू, विड्याची पानं, खोबऱ्याची वाटी, साखरेचा पुडा, सगळं जागच्या जागी. फक्त मधोमध, जिथं सुपारी ठेवलेली, तिथं कुंकवाचा एक गोल डाग उरला होता. घोंगड्यांवर बसलेले मुरगूडचे पावणे त्या डागाकडं बघत होते, आणि आमच्या भावकीतली झाडून सगळी माणसं आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं.

कुणी म्हणेल, सुपारीच ती, डब्यात दुसरी नव्हती काय? होती, किलोभर होती. पण आमच्यात चाल अशी की मुलाकडच्यांनी आपल्या देवापुढची एकच सुपारी कुंकू लावून आणायची, मुलीच्या थोरल्या चुलत्यानं ती चार माणसांदेखत फोडायची, अर्धी त्यांनी न्यायची, अर्धी आम्ही ठेवायची. सुपारी फुटली की पोरगी दिली. मग आभाळ कोसळलं तरी शब्द मागं नाही. आणि फुटायच्या आधीच सुपारी नाहीशी झाली, तर देवानंच हात आखडता घेतला असं समजून पावणे उठून जाणार, आणि त्या पोरीच्या दारात पुढची दोन-तीन वर्षं कुणी घोंगड्यावर बसणार नाही. पोरगी म्हणजे माझी थोरली बहीण, शालन. आम्ही तिला आक्का म्हणायचो.

ही सुपारी का गेली हे सांगायचं तर मला लॅटिन भाषेपासून सुरुवात करायला हवी. हसू नका. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस खोटं बोलत नाही, खऱ्याला फक्त जाळ थोडा जास्त देतो.

जाळावरून आठवलं, आमच्या घराचं सगळं काही जाळावरच चालायचं. वडील, आमचे आण्णा, गुळव्या होते. गुऱ्हाळघर आमचं नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या कुठल्याही गुऱ्हाळात काहील, म्हणजे रस उकळायची भली मोठी कढई, चढली की आण्णांना बोलावणं यायचं. थंडीचे दिवस सुरू झाले की चरकाच्या इंजिनाची फटफट सकाळी उठवायची, आणि वाऱ्याबरोबर घरात असा गोड धूर शिरायचा, की आमच्या अंथरुणाला मुंग्या लागायच्या आणि त्या मुंग्या इतक्या माजलेल्या असत की माणसाला चावत नसत, नुसत्या बघून पुढं जात. न्याहारीला भाकरी, कोरड्यास, आणि वाटीत ऊन ऊन काकवी. आई भाकरी थापायची तो आवाज आणि इंजिनाचा आवाज एका ठेक्यात आला की आक्का चुलीपुढं बसल्या बसल्या मान हलवायची. तेवढंच तिचं गाणं. नाहीतर चार म्हशींच्या धारा, सहा माणसांच्या भाकरी आणि माझी कॉलेजची शर्टं यातून तिला गाण्याला वेळ कुठला?

आण्णांचं काम बघायला मात्र लोक लांबून येत. रस उकळून तांबूस होतो, मळी निघून जाते, बुडबुडे मोठे होऊन सावकाश फुटायला लागतात, तेव्हा सगळी कामकरी माणसं बोलायची थांबत. आण्णा काहिलीपुढं उकिडवे बसत. पळीनं एक थेंब काढायचा, थंड पाण्याच्या वाटीत टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि तळहातावर घेऊन बघायची. गोळी आपटून टण् वाजली, की हात वर. हात वर झाला की जाळ ओढला, काहील उतरली. घटकाभर आधी उतरली तर गूळ धरत नाही, घटकाभर उशिरा उतरली तर करपतो. थेंब बघितल्याशिवाय आण्णांनी जन्मात कधी काहील उतरवली नाही. त्या उकळत्या रसाला ते दहादा विचारत, "झालं का? झालं का बाबा?" घरात मात्र त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. आईलाही नाही. मला वकिलीला घातलं तेसुद्धा मला शेजाऱ्याकडून कळलं.

तर अशाच एका रसाच्या आधणाच्या वेळी मुरगूडचे पावणे गुऱ्हाळात आले. त्याआधी ते घरी येऊन आक्काला बघून गेलेले. मुलगा महादेव, मुरगुडात शाळामास्तर, उंच, बारीक, आणि शब्दांचा इतका कंजूष की नाव विचारलं तर आडनावापाशीच थांबला. त्या दिवशी बघण्याच्या गडबडीत आमचं रेडकू दावं सोडून अंगणात उधळलं. सगळे पावणे धोतरं सावरत ओट्यावर चढले. या मास्तरानं ते शिंगाशी न झोंबता, नुसतं मानेखाली हात घालून धरलं, दावणीला बांधलं, आणि कुणी बघत नाही असं समजून त्याची मान खाजवली. मी बघितलं. खिडकीतून आणखी कुणी बघितलं ते मला फार पुढं कळलं.

गुऱ्हाळात मुलाच्या वडलांनी वाटीतली काकवी चाटत विचारलं, "मग पोरगी देताय न्हवं?" आण्णांची नजर काहिलीवर होती. ते म्हणाले, "दिली." संपलं. एका शब्दात. घरी येऊन आईला सांगितलं, आईनं आक्काला सांगितलं, आक्कानं पीठ चाळायचं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकल मारत कोल्हापुरात कॉलेजला गेलो. दुपारचा रोमन कायद्याचा तास. आमचे सर म्हातारे, काळा कोट हिरवट पडलेला, आणि शिकवताना डोळे मिटून घेण्याची सवय, कारण उघडले असते तर आम्ही झोपलेले दिसलो असतो. त्या दिवशी मीही पेंगत होतो, आणि एकदम कान टवकारले. सर सांगत होते, की जुन्या रोमात लग्न ठरवायला कागद नव्हता की साक्षी नव्हत्या. मुलाकडच्यानं मुलीच्या बापाला विचारायचं, "वचन देतोस?" बापानं म्हणायचं, "देतो." लॅटिनमध्ये एकच शब्द, 'स्पॉन्देओ'. आणि तो शब्द ज्या मुलीविषयी उच्चारला ती झाली 'स्पॉन्सा'. म्हणजे वाग्दत्त. शब्दात दिलेली. मी बाकावर ताठ बसलो. हे तर कालच गुऱ्हाळात झालं होतं! दोन हजार वर्षं आणि सात समुद्र ओलांडून रोम काहिलीच्या चुलवाणापाशी येऊन काकवी चाटत बसलं होतं.

ती गोष्ट घरी पोचवायला मी सायकल अशी हाणली की उचगावच्या फाट्यावर माझी सावली मागं राहिली आणि ती दिवस मावळताना आली. जेवायला सगळे बसले तेव्हा मी जाहीर केलं, "आण्णा, तुम्ही रोमन हायसा."

"कोण?" आण्णांनी भाकरी मोडली.

"रोमन न्हाय, आपण मराठं," तात्या म्हणाले. "गावात कुणी काय बोललं काय रं? नाव सांग त्याचं."

मी सगळं समजावून सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग? शब्द म्हंजे शब्द. त्यात शिकवण्यासारखं काय हाय?" आणि वाढून घेतलं. रोमची वाट तिथंच लागली.

पण भांडी घासताना आक्कानं मला मोरीपाशी बोलावलं. "त्या पोरीला काय म्हणत्यात म्हणालास?"

"स्पॉन्सा."

"म्हंजे?"

"शब्दात दिलेली. कबूल केलेली."

"कुणी कबूल केलेली?"

"बापानं."

आक्कानं तवा उलटा करून राखेनं घासला. "आणि तिला इचारायचं कुणी?"

माझ्या वहीत ते होतं, म्हणून मी ऐटीत सांगितलं. "तिला येगळं इचारायला नको. बापानं ठरवलं आणि पोरगी गप्प बसली, तर तिचा व्हकार धरायचा. तसा कायदाच हाय."

"आणि तोंडात घास आसला म्हणून गप्प बसली तर?"

"तर... ते सरांनी सांगितलं न्हाय."

"मग इचार की त्यांला. फुकट सायकल मारतोस काय रोज?"

मी खरोखरच विचारलं. तास संपल्यावर, व्हरांड्यात, मान खाली घालून. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण डोळे उघडले. ते म्हणाले, "मग ती गिळेपर्यंत थांबायला हवं." मी घरी येऊन निरोप दिला. आक्का शेणी लावत होती. म्हणाली, "बरं." मी पुस्तकं टाकून जेवायला बसलो. माझ्यासारख्या हुशार माणसाला त्या 'बरं'मध्ये काहीही ऐकू आलं नाही.

आठ दिवसांनी सुपारी. सकाळपासून दोन दगडांच्या चुलीवर तांबडा रस्सा रटरटत होता, आणि त्याचा वास असा की रस्त्यावरनं जाणारी एस्टी आमच्या दारात उगीच एक हॉर्न देऊन गेली. पावणे आले, पाय धुतले, बसले. त्यांची सुपारी ठेवून ताट आत बायकांकडं गेलं, सगळं मांडून बाहेर आलं. आक्का हिरव्या लुगड्यात पाटावर येऊन बसली. तात्यांनी अडकित्ता घेतला, ताटात बघितलं, आणि पुढं जी गर्जना झाली ती तुम्ही वाचलीच.

तात्यांनी झडती सुरू केली. घोंगडी झटकली, पावण्यांसकट. माझे खिसे उलटे केले. दावणीच्या शेरडाचं तोंड उघडून आत बोट घातलं, आणि शेरडू बिचारं त्या धक्क्यानं नंतर चार दिवस ओरडलं नाही. मुलाच्या मावशीनं मध्येच म्हटलं, "पोरीचा गाल सुजलाय की वो."

"दाढ धरलीया तिची," आई पटकन म्हणाली. "लवंग ठिवलीया."

मी आक्काकडं बघितलं. उजवा गाल टपोरा, ओठ घट्ट मिटलेले, आणि ओठाच्या कोपऱ्यात कुंकवाची बारीक लाल रेघ. तोंडात घास. गिळता येणार नाही असा. आणि हे मीच घरात आणलेलं, सायकलवरून, कॅरियरला बांधून. तिला हे लग्न नको आहे, मी मनात म्हटलं. आण्णांचा शब्द आज भर अंगणात पडणार आणि तो माझ्या वहीमुळं पडणार. ओरडावं की नको? भावी वकील मी, गप्प बसलो. म्हणजे कायद्यानं माझाही होकार धरायला हवा होता, फक्त कशाला ते मला कळत नव्हतं.

मुलाचे वडील उठले. "राहू द्या तात्या. देवाच्या मनात न्हाय आसं दिसतंय," असं म्हणून ते पायानं चप्पल शोधायला लागले. एक चप्पल सापडून पायात गेलीसुद्धा. महादेव मास्तर मात्र बसून होता, आणि दावणीकडं बघत होता.

तेव्हा आण्णा उठले. सगळ्या गोंधळातून चालत पाटापाशी आले आणि आक्कापुढं उकिडवे बसले. काहिलीपुढं बसत तसेच. तिच्या तोंडाकडं बघितलं, किती वेळ बघितलं कोण जाणे. मी त्यांना माणसाकडं इतका वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तळहात पुढं केला. पोळून पोळून राठ झालेला, गुळाच्या रंगाचा तळहात. आक्कानं मान वाकवली आणि त्यावर सुपारी ठेवली. ओली, लाल, गोल. आण्णांनी ती सवयीनं बोटांत वळली.

"का गं?" ते म्हणाले.

आक्काचा आवाज लहान होता, पण अंगण इतकं चिडीचूप होतं की शेवटच्या घोंगड्यापर्यंत गेला. "आण्णा, काहील उतरायच्या आधी तुमी रोज थेंब काढून बघताय. मला न बघताच उतरवालायसा."

"आगं ए, भर बैठकीत..." तात्यांनी तोंड उघडलं. आण्णांनी हात वर केला. जाळ ओढायला सांगताना करत तसा. तात्या विझले.

आण्णांना विचारायचं कसं ते माहीत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी दोनदा घसा खाकरला. सुपारी या हातातून त्या हातात घेतली. "शालन, मुरगूडला..." ते म्हणाले, "मुरगूडला दिऊ का तुला..." आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम होता, चुलवाणापुढंसुद्धा येत नसे इतका. मग आवाज एकदम खाली आणून, जसं काही अंगणात ते दोघंच आहेत, त्यांनी विचारलं, "जातीस का, बाळ?"

आक्कानं सगळ्यांना थांबवलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा सगळं अंगण तिच्यासाठी थांबलं होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. रस्सा रटरटायचा थांबला असं मी सांगतो ते खोटं आहे. पण आई ढवळायची थांबली, हे खरं.

"जातो की," आक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. पुण्याची माणसं त्याला हसतात. त्या दिवशी तो शब्द ज्यांनी ऐकला त्यांना नाही हसू आलं.

आण्णांनी मान खाली घातली आणि धोतराच्या सोग्यानं सुपारी पुसली. मग डोळेही पुसले, त्याच सोग्यानं, त्यामुळं कुंकू सगळं गालाला लागलं. आणि तेवढ्यात घोंगड्यावरून आवाज आला, "मलाबी कुणी इचारलं न्हवतं." मास्तर! आख्ख्या दोन भेटींत त्यानं उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

त्याचे वडील एका पायात चप्पल घालून उभे होते. "आरं लेका, मग तुला काय निमंत्रण पत्रिका धाडू व्हय? करतोस का न्हाईस?"

"करतो," मास्तर म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत असा लाल झाला की ताटातलं कुंकू फिकं दिसलं. आधी मावशी हसली, मग आई, मग सगळं अंगण. तात्यांनी सुपारी फोडली तीही त्याच हसण्यात. ओली झालेली, पहिल्या दोन वेळा निसटली. तिसऱ्यांदा फुटली आणि आमची अर्धी उडून थेट रस्श्यात पडली. ती कुणाच्या वाटीत आली यावर उचगावात अजून दोन तट आहेत.

त्या दिवसानंतर आण्णांना विचारायची सवयच जडली. आक्का लग्न होऊन जाईपर्यंत, गुऱ्हाळातून आले की काकवीची वाटी तिच्यापुढं धरत आणि म्हणत, "बघ गं, बरी हाय का?" ती बोट बुडवून चाटायची आणि विचार केल्यासारखं करून सांगायची, "जरा जाळ जास्त झालाय." ते मान हलवत. त्यांच्या हातची काकवी नासली असं सांगायची हिंमत करणारं त्या तालुक्यात दुसरं माणूस नव्हतं, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मला इतक्यांदा विचारलं, की शेवटी मलाच शंका यायला लागली.

आता हे सगळं आठवलं त्याला कारण परवाचा साखरपुडा. आक्काच्या नातीचा, कोल्हापुरातल्या मोठ्या हॉलमध्ये. व्यासपीठावर माणसाएवढी इंग्रजी अक्षरं, दिवे लावलेली. छतापाशी एक घोंघावणारं यंत्र फोटो काढत फिरतंय. माईकवाल्या मुलीनं दोघांना एकमेकांना प्रश्न विचारायला लावले, पोरीनं माईकमध्ये "हो" असं ओरडून सांगितलं आणि कागदाची फुलं उडाली. मास्तर दाजी आता नाहीत. त्यांच्या नावाची खुर्ची आक्कानं आपल्या शेजारी रिकामी ठेवायला लावली होती, आणि माझं वय बघून तिच्यावर मलाच बसवलं. आक्काचे दात गेलेत. ती अडकित्त्यानं सुपारी कातरून अगदी पीठ करते आणि मग गालात धरते. उजव्याच.

तिचा तो गाल बघून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं. "आक्का, रेडकू धरलं त्या दिवशी खिडकीत तूच हुतीस न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे दाजी तुला तवाच पसंत हुतं."

"हुतं की."

"आगं, मग न्हाय म्हणायचंच न्हवतं तर ती सुपारी गालात धरलीस कशाला? पावणं उठून गेलं आसतं म्हंजे?"

आक्कानं कातरलेली सुपारी तळहातावर घेतली, थोडी मला दिली, उरलेली तोंडात टाकली, आणि व्यासपीठाकडं बघत म्हणाली,

"कुणी इचारलं न्हवतं."